दोन बोटं जागा

बाबांच्या खाटेखाली एक पत्र्याचा डबा असायचा आणि त्या डब्यात आमच्या घरातल्या प्रत्येक लाकडाची पावती होती. दाराच्या चौकटीची, खाटेच्या पायांची, माळ्याच्या वाशांची, इतकंच काय, आईच्या पोळपाटाचीसुद्धा. बाबा वनखात्यात नाकेदार होते. किन्हवलीच्या रस्त्यावर त्यांचा नाका होता. नाका म्हणजे एक कौलारू चौकी, एक बाकडं आणि रस्त्यावर आडवा टाकायचा बांबू. वरच्या जंगलातून चोरून तोडलेला साग नाहीतर खैर याच रस्त्यानं बाहेर निघायचा आणि तो अडवायचं काम बाबांचं. ज्याच्या हातात नाका, त्याच्याच घरात लाकूड कुठून आलं, असं उद्या कोणी विचारलं तर? म्हणून पावती. आई चुलीपुढून म्हणायची, "एक दिवस माझी पण पावती काढून ठेवा. नायतर हिला कुठून उचलून आणली म्हणून इचारतील." बाबांना यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही.

त्यांचंही चुकत नव्हतं. आमच्या वाडीत खाकी अंगावर चढवणारे ते पहिले. आजोबांचा जन्म दुसऱ्याच्या बांधावर राबण्यात गेला होता. विहारात लोक बाबांना मानानं पुढच्या सतरंजीवर बसवायचे, आणि त्यातलेच काही पाठ फिरली की हा कधी घसरतो त्याची वाट बघायचे. बाबांना ते ठाऊक होतं. ते म्हणायचे, "दुसऱ्याच्या खाकीला डाग पडला तर धुतात. आपल्या खाकीला पडला तर कापडच फेकून देतात." निवृत्तीला एक वर्ष राहिलं होतं. तेवढं एक वर्ष निर्मळ गेलं की झालं, असं ते कपडे घडी करताना, दात घासताना, कधी कधी नुसतंच अंगणात उभं राहून पुटपुटायचे.

त्यांची नजर मात्र अशी होती की साहेब लोकही मुद्दाम बघायला थांबायचे. नाक्यावरच्या बाकड्यावर बसून ते लांबूनच येणारी गाडी बघायचे. टेम्पो असो, जीप असो, बैलगाडी असो, ती आपल्या चाकांवर किती बसली आहे आणि खड्ड्यात कशी हलते, एवढ्यावर ते सांगायचे, "रिकामी." "भात." "लाकूड." मी विचारलं होतं एकदा, भात आणि लाकूड लांबून वेगळं कसं कळतं? तर म्हणाले, "भात गाडीबरोबर हलतं गो. लाकूड मेल्यावानी पडून राहतं." बांबू पडायच्या आधीच निकाल लागलेला असायचा. बाबांची ती नजर मला नाही आली. संशय तेवढा पुरेपूर आला.

मी तेव्हा मास्तरीण व्हायच्या शिक्षणाला होते, डी.एड.ला, आणि सुट्टीत घरी असले की बाबांचा दुपारचा डबा नाक्यावर पोचवायचं काम माझ्याकडे असायचं. त्या हिवाळ्यात भात झोडून झालं होतं, पेंढ्याची उडवी रचली होती, आणि परसात वालाच्या शेंगा धरल्या होत्या. आई रोज वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी करायची, बाजाराचा दिवस असला की सुकट. सकाळी तव्यावर सुकट पडली की तिचा वास विहिरीपर्यंत यायचा आणि अशोकदादा तिथूनच ओरडायचा, "आये, माझ्यासाठी ठेव गो, सगळी बाबांच्या डब्यात घालू नको!" दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. शहापूरजवळच्या एका कारखान्यात फिटर होता. हात चालू असला की त्याचं तोंडही चालू असायचं, शीळ नाहीतर बडबड. त्या घरात संशय नसलेला तो एकटाच होता, आणि मला वाटतं, म्हणूनच आम्हा दोघांना, बाबांना आणि मला, त्याच्याविषयी सगळ्यात जास्त वाटायचा.

त्यानं एक जुनी, छोटी, पांढरी गाडी घेतली होती. दुसऱ्याच्या हातची, तिसऱ्याच्या हातचीही असेल. वाडीतली ती पहिली चारचाकी. आईनं मेणबत्ती लावून, खीर करून तिचं स्वागत केलं, बाबांनी तिचे कागद तीनदा वाचले आणि डब्यात पावत्यांच्या खाली ठेवले. इथवर ठीक चाललं होतं. मग एका संध्याकाळी दादा चार स्प्रिंगा घेऊन आला. काळ्या, ताज्या रंगाच्या, गाडीच्या स्प्रिंगांपेक्षा आखूड. म्हणाला, या घातल्या की गाडी खाली बसते, मुंबईची पोरं घालतात, वळणावर गाडी कशी रस्त्याला चिकटून पळते बघा.

बाबा म्हणाले, "चिकटायला रस्ता कुठाय?"

"दिसायला पण बरी दिसते बाबा."

"गाडी वर उचलतात रे. दगडधोंड्यातून जायला वर उचलतात. खाली कोण करतं?" मग जरा थांबून, "दिल्या कोणी?"

"जनानं."

"फुकट?"

"फुकट."

जना म्हणजे जनार्दन, दादाचा शाळेपासूनचा मित्र. त्याच्या बापाची धसईच्या वाटेवर लाकडाची वखार होती. नाकेदाराचं आणि वखारवाल्याचं बोलणं रामरामापलीकडे जाऊ नये, असा बाबांचा नियम होता. आणि इथे वखारवाल्याचा पोरगा नाकेदाराच्या पोराला फुकट स्प्रिंगा देत होता, त्याही लोहाराकडून मुद्दाम भट्टीत तापवून, दाबून आखूड करून घेतलेल्या. मी त्या रात्री जेवताना दादाच्या तोंडाकडे बघत होते. तो भाकरीत बिरडं कालवून मजेत जेवत होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण याच्या तोंडावर तर काहीच दिसेना, आणि तेच मला जास्त खटकलं.

स्प्रिंगा बदलायला सपाट, टणक जागा हवी. आमच्या उताराच्या वाडीत तशी जागा एकच, आमचं खळं. भात झोडायला चोपून, सारवून केलेलं, आरशासारखं. खळ्यावर चपला घालून कोणी जात नाही, मग गाडी जाणं तर दूरच. आईनं आधी साफ नाही म्हटलं. दादानं तिच्या मागे मागे फिरून, नळावरची हंडी उचलून, लाकडं फोडून तिला वळवलं. शेवटी आई म्हणाली, "ने. पण पायात काय घालायचं नाय. आनि चाकं धुऊन न्यायची." म्हणून रविवारी सकाळी दादानं गाडीची चारही चाकं विहिरीच्या पाण्यानं धुतली आणि आम्ही दोघं अनवाणी पायांनी गाडी ढकलत खळ्यावर नेली. जना येणार होता, पण बाबा घरी आहेत म्हटल्यावर आला नाही. तेही मी मनात नोंदवून ठेवलं.

दादानं मला गाडीजवळ बसवलं आणि म्हणाला, "सुमे, बोटं घाल." पुढच्या चाकाचा टायर आणि वरच्या मडगार्डची कड यांच्या फटीत मी हात आडवा घातला. माझी चार बोटं आरामात गेली. मागेही चार. "चार," तो म्हणाला, "आता दोन झाली पायजेत. तुझी बोटं हे माप. ध्यानात ठेव." त्याच्याकडे कारखान्यातली स्टीलची पट्टी होती, खिशातच होती. तरी त्यानं माझी बोटं घेतली. तेव्हा मला त्याचं नवल वाटलं नव्हतं.

मागच्या स्प्रिंगा सोप्या होत्या. जॅक लावून गाडी उचलली, खाली ओंडके घातले (पावतीचे), शॉकअपचा खालचा बोल्ट गंजलेला, त्याला रॉकेल पाजून तासभर ठेवला, आणि तो निघाल्यावर जॅक हळूहळू सोडला तशी जुनी स्प्रिंग आपसूक हातात आली. पुढचं काम जोखमीचं. तिथली स्प्रिंग शॉकअपवर दाबून बसवलेली असते. वरचा नट तसाच सोडला तर ती उसळून माणसाचं तोंड फोडेल. दादानं कारखान्यातून आटे असलेले दोन लांब हूक आणले होते. ते दोन बाजूंनी लावून, एकदा इकडे अर्धा फेरा, एकदा तिकडे अर्धा फेरा, असं तो तिला दाबत गेला. मला म्हणाला, लांब हो. मी लांब झाले नाही. मग त्यानं गोठ्यातली बैलाची साखळी आणून स्प्रिंगेला दोन वेढे घातले आणि साखळीचं टोक माझ्या हातात दिलं. बडबड्या माणूस, पण तेवढा वेळ त्याच्या तोंडातून शब्द नव्हता. कपाळावरचा घाम डोळ्यांत जात होता, तो मी पदराच्या टोकानं पुसला. नट निघाला, स्प्रिंग ढिली झाली, आणि त्यानं मोठ्यानं श्वास सोडला. आज इतक्या वर्षांनी विचार करते तेव्हा वाटतं, त्या दिवशी त्या खळ्यावर मी जितकी त्याच्याजवळ होते तितकी पुन्हा कधी झाले नाही.

बाबा ओट्यावर बसून हे सगळं बघत होते. उठून जवळ आले नाहीत, जेवायलाही आत गेले नाहीत. उन्हं कलायला आली तेव्हा गाडी चारही चाकांवर उभी राहिली. मी बोटं घातली. दोन. चारही चाकांना दोन. दादानं टाळी वाजवली आणि माझ्या गालाला ग्रीस फासलं. खळ्यावर रॉकेलचे आणि ग्रीसचे डाग पडले होते. ते आईनं त्याच्याकडूनच खरवडून, शेणानं सारवून घेतले, आणि सारवणं नीट नाही म्हणून पुन्हा सारवायला लावलं.

बाबांनी गाडीभोवती एक फेरी मारली. म्हणाले, "रिकामी असून भरल्यावानी दिसते." मग माझ्याकडे बघून हळू म्हणाले, "ह्या गाडीनं माझी नजर मारली गो."

त्यांना काय म्हणायचं होतं ते मला महिनाभरात कळलं. पहिल्या आठवड्यात दादाची गाडी रोज अडली. नाक्यावर बाबांच्या पाळीनंतर जे दुसरे नाकेदार असायचे, ते गाडी एवढी बसलेली बघून बांबू टाकायचे, डिकी उघडायला लावायचे, आणि आत स्टेपनीशिवाय काही नाही बघून हसायचे. दादाही हसायचा. मग त्यांनी अडवणं सोडलं. "अशोकची गाडी का? बसकीच हाय ती, जाऊ दे." हे वाक्य ज्या दिवशी बाबांच्या कानावर पडलं, त्या दिवशी ते घरी आले ते हातपाय न धुता खाटेवर बसून राहिले. मला म्हणाले, "सुमे, तुला चोरी करायची असंल तर काय करशील? आधी रिकामी गाडी भरल्यासारखी दाखवशील. रोज दाखवशील. बघणाऱ्याची नजर मेली, की मग भरशील." मी म्हटलं, दादा असं करणार नाही. ते म्हणाले, "दादा नाय करनार. पन स्प्रिंगा दादानं नाय आनल्या."

आणि त्याच सुमाराला वरच्या जंगलात खैराची ताजी खोडकी सापडली. खैरापासून कात निघतो, त्याला मोठं गिऱ्हाईक असतं. दहाबारा झाडं कोणीतरी करवतीनं सफाईत कापून नेली होती. साहेबांनी बाबांना विचारलं, तुमच्या नाक्यावरून गेली असतील का? बाबा म्हणाले, नाही. पण ते घरी आल्यावर त्यांनी पावत्यांचा डबा बाहेर काढला आणि सगळ्या पावत्या एकेक करून उजेडात धरून पाहिल्या. आईनं विचारलं, काय शोधताय? ते म्हणाले, काही नाही.

मग मी दादावर पाळत ठेवायला लागले. दुसरा शब्द नाही त्याला. जना बाजाराच्या दिवशी गाडी मागून न्यायचा, आपल्या आईला शहापुरात डॉक्टरकडे नेतो म्हणून. जनाची आई खरंच आजारी होती का? मी विहिरीवर बायकांकडे चौकशी केली. होती, म्हणाल्या, पण किती ते कोणाला नीट सांगता येईना. दादानं मागच्या काचेवर आतून एक गोणपाट लावलं होतं. का? म्हणे ऊन लागून गाण्याचा डबा खराब होतो. दादाच्या नखांत लाल माती दिसली, तर मी विचारलं ही कुठली माती. तो म्हणाला, "रस्त्याची. का गो, पोलिसात लागलीस का?" आणि हसला. मी हसले नाही. संशय एकदा बसला की माणसाच्या हसण्यातही काहीतरी दिसायला लागतं. मला दिसत होतं.

त्या दिवशी धसईचा बाजार होता. मी बाबांचा डबा घेऊन निघाले, नाचणीची भाकरी, वालाचं बिरडं आणि वर कांदा. वाटेत जनाची वखार. वखारीच्या कुडाला लागून दादाची गाडी उभी. जवळ कोणी नव्हतं, आतून करवतीचा आवाज येत होता. दादानं त्या दिवशी रजा घेतली होती, ते मला सकाळीच खटकलं होतं. मी इकडे तिकडे पाहिलं, डबा खाली ठेवला आणि मागच्या चाकाशी वाकून फटीत बोटं घातली. एक गेलं. दुसरं जाईना. दुसऱ्या बाजूला जाऊन पाहिलं, तिथेही एकच. डिकीला कुलूप होतं. गाडीत माणूस नाही, बाहेर काही दिसत नाही, आणि गाडी एक बोट आणखी खाली. माप माझं होतं. माझी बोटं खोटं कशाला सांगतील?

नाक्यापर्यंतची अर्ध्या तासाची वाट मी पंधरा मिनिटांत चालले असेन. सांगू की नको, सांगू की नको, असं दर पावलाला वाटत होतं. सांगितलं तर दादा जातो. नाही सांगितलं आणि दुसऱ्या कोणी धरलं, तर बाबांची तीस वर्षांची खाकी जाते, आणि वाडीतले ते वाट बघत बसलेले लोक म्हणायला मोकळे, बघा, शेवटी दाखवलीच जात. हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. बाबांनी डबा उघडला, पहिला घास घेतला, माझ्याकडे पाहिलं. "काय झालं गो?"

"दादाची गाडी वखारीत हाय. दोन बोटं जायची, आता एकच जातं."

बाबांनी घास चावून गिळला. डबा लावला. नळावर हात धुतले, टोपी घातली, आणि मला म्हणाले, "आत जाऊन बस. भायेर यायचं नाय." मी चौकीच्या आत, दाराच्या फटीशी उभी राहिले.

गाडी आली तेव्हा रस्त्यावर बाजाराची गर्दी होती. मागे धसईहून आलेली एसटी, डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायका, एक बैलगाडी. दादा चालवत होता, शेजारी जना. नेहमीसारखा हात दाखवून दादा पुढे जाणार, तोच बाबांनी बांबू टाकला. दादानं काच खाली केली, "काय झालं बाबा?" बाबा मागच्या चाकाशी गेले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि टायर आणि मडगार्डच्या मध्ये बोटं घातली. त्यांची बोटं जाड, एकसुद्धा धड जाईना. मग उभे राहिले आणि म्हणाले, "डिकी उघड."

दादाच्या तोंडावरचं हसू तिथपर्यंत होतं. मग ते गेलं. तो उतरला, चावी बाबांच्या हातात दिली. म्हणाला, "तुमीच उघडा."

बाबांनी डिकी उघडली. आत स्टेपनी होती, एक पाना होता आणि खाली अंथरलेलं एक गोणपाट. बाबांनी गोणपाट उचललं. स्टेपनी उचलून खाली पाहिलं. मागच्या सीटखाली हात घालून पाहिलं, अगदी शेवटपर्यंत. काही नव्हतं. एसटीच्या खिडकीतून कोणीतरी म्हणालं, "काय नाकेदार, पोराची पन पावती बघता का?" आणि सगळी एसटी हसली. पाट्या घेतलेल्या बायका हसल्या. जना गाडीतून उतरला, कोणाकडेही न बघता चालत परत वखारीकडे निघून गेला.

दादा हळू बोलला, पण दाराच्या फटीशी मला ऐकू आलं. "स्प्रिंग बसते बाबा. नवी स्प्रिंग महिनाभर बसत राहते, त्यात भट्टीतली. बोटभर बसणारच. मला इचारलं असतं तर सांगितलं असतं."

बाबांनी बांबू वर केला.

विचारलं असतं तर. एवढी साधी गोष्ट. मला कोणी फिटरचं शिक्षण दिलं नव्हतं, पण दादाला विचारायला काय पडत होतं? आज वर्गात मुलींना मी सांगते, शंका आली की आधी हात वर करा, विचारा. त्या मान डोलावतात. मी हे कुठून शिकले ते त्यांना सांगत नाही.

त्या रात्री घरात कोणी जेवलं नाही. आईनं विचारलं, नाकेदारानं स्वतःच्या पोराची गाडी का उघडली, कोणी सांगितलं? बाबा म्हणाले, "मला दिसली." एवढंच. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. पुढे मरेपर्यंत त्यांनी यात माझं नाव कोणापुढे घेतलं नाही, ना दादापुढे, ना आईपुढे. खैर नेणारे दुसरेच निघाले, दुधाच्या टेम्पोत कॅनखाली ओंडके घालून नेत होते. ते बाबांनीच धरले, लांबून बघून, बांबू टाकायच्या आधी म्हणाले, "लाकूड." वर्षानं ते निवृत्त झाले, खाकीवर डाग न पडता. जनाची आई त्या पावसाळ्यात गेली. ती खरंच आजारी होती, आणि दादाची त्या दिवशीची रजा तिचं औषध आणायला होती. आणि स्प्रिंगा त्यानं फुकट का दिल्या ते मला फार उशिरा कळलं. वखारीचं करवतीचं यंत्र बंद पडलं होतं, ते दादानं चार रविवार खपून दुरुस्त करून दिलं होतं आणि काही घेतलं नव्हतं. त्याची ती परतफेड. अजूनही जना बाजारात समोरून आला की मी भाजी बघायला वळते.

दादानं पुढच्या रविवारी जुन्या स्प्रिंगा परत घातल्या. चाकं धुऊन, अनवाणी, खळ्यावर, एकटाच. मी साखळी धरायला गेले तर म्हणाला, नको. शीळ नव्हती, बडबड नव्हती. साखळी त्यानं खुंटाला बांधली. काम झाल्यावर त्यानं खिशातून स्टीलची पट्टी काढली आणि फट तिनं मोजली. मी तिथेच उभी होते, माझे हात रिकामे होते. उन्हाळ्यात त्यानं शहापुरात खोली घेतली, मग बदली घेऊन नाशिकला गेला. लग्न, मुलं, सगळं तिकडेच.

पण सणावाराला, सुट्टीला तो यायचा, आणि आला की एक गोष्ट दर वेळी करायचा. गाडी अंगणात उभी करायचा, उतरायचा, मागे जाऊन डिकी उघडायचा आणि पूर्ण वर करून ठेवायचा. मगच घरात यायचा. सामान असो नसो. गाड्या बदलल्या, डिकी उघडणं बदललं नाही. बाबा तेवढा वेळ मान खाली घालून बसायचे, कधी उठून परसात जायचे. आई म्हणायची, "लाव रे ती, बापाला किती जाळशील?" तो ऐकल्यासारखं करायचा नाही. आणि मी दर वेळी मनात म्हणायचे, शिक्षा बाबा भोगतायत आणि करणारी मी पाणी घेऊन दारात उभी आहे. सांगावं, असं शंभरदा वाटलं. जीभ उचलली नाही. सांगितलं तर दादा मला सोडून जाईल अशी भीती होती, जसा काही तो गेलाच नव्हता.

गेल्या वर्षी बाबा गेले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी दादा नाशिकहून आला, मोठी, उंच गाडी घेऊन. अंगणात उतरला आणि मागे जाऊन डिकी उघडली. वाडीतली माणसं ओट्यावर बसली होती, आत पांढरी फुलं आणि मेणबत्त्या. मला राहवलं नाही. मी त्याच्याजवळ गेले आणि म्हटलं, "दादा, आता कोनासाठी उघडतोस? बाबा गेले रे." आणि मग एका दमात, इतक्या वर्षांचं, "त्यांनी नव्हतं पाहिलं. मी सांगितलं होतं त्यांना."

दादानं माझ्याकडे पाहिलं. त्याचेही केस आता पांढरे झालेत. "मला ठाव हाय," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. बाबांनी उभ्या जन्मात कुठल्या गाडीत बोट घालून बघितलं होतं का? ते बाकड्यावरून बघायचे. त्या दिवशी वाकले आनि बोटं घातली." त्यानं माझा हात घेतला, उलटा करून पाहिला, आणि सोडून दिला. "ती बोटं कोनाची, ते मला तवाच कळलं."

मी म्हटलं, "मग बाबांना इतकी वर्षं..."

"बाबांसाठी मी कधीच नाय उघडली, सुमे."

तो चपला काढून घरात गेला. डिकी उघडीच होती. मी तिथे किती वेळ उभी होते मला आठवत नाही. आतून वंदना सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा भानावर आले. मी ठरवलं होतं, आत बघायचं नाही, आणि दोन्ही हातांनी डिकी खाली ओढली. पण लावता लावता नजर आत गेलीच. स्टेपनी होती आणि एक गोणपाट. दुसरं काही नव्हतं.